स्पार्टन फेडरेशन घेऊन पहिला डाव : ‘अल्फा सेंटॉरी’त नव्याने उतरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

फिराक्सिस या कंपनीचा ‘सिड मायर्स अल्फा सेंटॉरी’ हा आळीपाळीने, म्हणजे एकेक टर्न घेत, खेळायचा संगणकावरील रणनीतीचा खेळ १९९९ साली आला. ब्रायन रेनल्ड्स यांनी रचलेल्या या खेळात ‘युनिटी’ नावाचे यान कायरॉन या परग्रहापाशी पोहोचते तेव्हा त्यातील माणसे सात गटांत फुटतात आणि प्रत्येक गट आपापल्या विचाराने नवी वसाहत उभारू लागतो. त्यांपैकी स्पार्टन फेडरेशन हा लष्करी बाण्याचा गट असून कर्नल कोराझोन सँटियागो ही त्याची नेता आहे. नवा खेळाडू हा गट बहुधा एकाच अपेक्षेने निवडतो, ती म्हणजे सैन्य बलवान आहे, तेव्हा लढून जिंकू. मीही तसाच निवडला होता. पहिल्या टर्नपासून प्रत्येक तळावर तुकड्या बनवत राहिलो आणि शेजाऱ्याशी गाठ पडली तेव्हा माझ्या चार तळांसमोर त्याचे नऊ तळ उभे होते. माझी एकेक तुकडी त्याच्या एका तुकडीला भारी होती, पण पडलेली तुकडी भरून काढायला मला त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक टर्न लागत होते.

त्या डावानंतर हा गट मी पुष्कळ वेळा खेळलो. माझे ठाम मत असे आहे की स्पार्टनांचे बळ संख्येत नसून थोड्या, उत्तम शिकवलेल्या आणि सतत नव्या शस्त्रांनी सजलेल्या तुकड्यांत आहे. दीर्घकाळ रेंगाळणारे युद्ध त्यांना परवडत नाही. पुढचा सगळा क्रम याच विचारावर बेतलेला आहे.

१. सुरुवातीपूर्वी काय जवळ असावे

मूळ खेळ आणि त्याच वर्षी आलेला ‘एलियन क्रॉसफायर’ हा विस्तार आता डिजिटल स्वरूपात एकत्र मिळतो. पहिला डाव मात्र मूळ खेळातच, म्हणजे सात गटांच्या आवृत्तीतच खेळावा, कारण विस्तारातील गट अधिक गुंतागुंतीचे आहेत. याखेरीज पुढील गोष्टींची तयारी ठेवा.

• खेळातच असलेला ‘डेटालिंक्स’ हा संदर्भकोश. प्रत्येक शोध, इमारत आणि शस्त्र याची माहिती तेथे मिळते. नवे नाव दिसले की आधी तो उघडावा.
• कीबोर्डवरील दोन कळा : ‘ई’ दाबल्यावर सोशल इंजिनिअरिंगचा, म्हणजे समाजाची राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था आणि मूल्ये निवडण्याचा, पडदा उघडतो, तर ‘यू’ दाबल्यावर तुकड्यांची रचना करण्याचे डिझाइन वर्कशॉप उघडते.
• एक वही. कोणता तळ किती तुकड्या पोसतो आणि कोणाशी कोणता करार आहे, हे लिहून ठेवण्याची सवय पहिल्या दोन-तीन डावांत फार उपयोगी पडते.
• दर दहा टर्नांनी वेगळ्या नावाने केलेला सेव्ह. चूक नेमकी कोठे झाली हे मागे जाऊन पाहता आले, तरच पुढचा डाव सुधारतो.

काठिण्याच्या सहा पायऱ्या आहेत : सिटिझन, स्पेशालिस्ट, टॅलेंट, लायब्रेरियन, थिंकर आणि ट्रान्सेंड. सुरुवात दुसऱ्या पायरीवर करावी. सगळ्यात खालच्या पायरीवर नागरिकांचा असंतोष जवळजवळ जाणवतच नाही, त्यामुळे या गटाची पोलिसी ताकद कशासाठी आहे हेच कळत नाही.

नियम निवडताना ‘ब्लाइंड रिसर्च’ हा पर्याय बंद करा. तो चालू असेल तर पुढचा शोध तुम्हाला नावानिशी निवडता येत नाही. एक्सप्लोर, डिस्कव्हर, बिल्ड आणि काँकर या चार दिशांपैकी एखादी दिशा तेवढी सांगता येते. स्पार्टनांचा सगळा डाव योग्य शस्त्र योग्य वेळी हाती येण्यावर उभा असल्यामुळे नवख्याने हा अंधार पत्करू नये. नकाशात जमिनीचे प्रमाण जास्त ठेवावे, म्हणजे शेजारी चालत जाण्याच्या अंतरावर सापडतील.

२. गटाचे गुणदोष आकड्यांत समजून घ्या

स्पार्टनांना मनोधैर्यात, म्हणजे मोराल या घटकात, २ गुण अधिक मिळतात आणि पोलिस घटकात १ गुण अधिक मिळतो, तर उत्पादनात, म्हणजे इंडस्ट्रीत, १ गुण उणा होतो. नव्या रचनेच्या पहिल्या तुकडीसाठी, म्हणजे प्रोटोटाइपसाठी, त्यांना जादा खनिजे लागत नाहीत. सोशल इंजिनिअरिंगमधील ‘वेल्थ’ हे मूल्य त्यांना स्वीकारता येत नाही. ‘डॉक्ट्रिन : मोबिलिटी’ हा शोध त्यांच्याकडे आरंभापासूनच असतो.

यातील उणा १ हा आकडा नवखा माणूस हमखास दुर्लक्षितो. इंडस्ट्रीचा एक गुण म्हणजे दहा टक्के. इतरांना ३० खनिजांत मिळणारा कॉलनी पॉड (नवा तळ वसवणारी तुकडी) तुम्हाला ३३ खनिजांत पडतो, ४० खनिजांचे कमांड सेंटर (सैन्याला शिकवणारी इमारत) ४४ मध्ये पडते आणि हा फरक शेवटच्या टर्नपर्यंत प्रत्येक वस्तूवर लागतच राहतो. उशिरा उभा राहिलेला तळ पुढचा तळही उशिराच देतो, म्हणून दहा टक्क्यांचा हा तोटा पहिल्या पन्नास टर्नांत दिसतो त्याहून मोठा असतो.

दुसऱ्या बाजूला मनोधैर्याचे गणित पाहा. तुकड्यांच्या सात पायऱ्या आहेत : व्हेरी ग्रीन, ग्रीन, डिसिप्लिन्ड, हार्डन्ड, व्हेटरन, कमांडो आणि एलिट. प्रत्येक पायरीमागे लढाईत साडेबारा टक्क्यांचा फरक पडतो. इतर गटांची नवी तुकडी साधारणपणे ग्रीन असते, तर तुमची एक पायरी वर, डिसिप्लिन्ड असते आणि बचाव करताना तिला आणखी एका पायरीचा लाभ मिळतो. तळावर कमांड सेंटर असेल तर तेथे तयार होणारी जमिनीवरची तुकडी आणखी दोन पायऱ्या चढते, म्हणजे थेट व्हेटरन बनून बाहेर पडते. कमांड सेंटरला लागणारा शोध तुमच्याकडे पहिल्या टर्नपासून असतो, ही या गटाची फार मोलाची बाजू आहे.

३. पहिले चाळीस टर्न : तलवार म्यान ठेवा

प्रत्येक टर्न म्हणजे खेळातले एक वर्ष. या पहिल्या टप्प्यात तळ वाढवणे हेच मुख्य काम आहे. नव्या तळावर आधी एक स्काउट पेट्रोल (साधे पायदळ), मग फॉर्मर (जमीन सुधारणारी तुकडी), मग कॉलनी पॉड असा क्रम ठेवावा. फॉर्मरसाठी ‘सेंटॉरी इकॉलॉजी’ हा शोध लागतो, म्हणून संशोधनाची सुरुवात त्यापासूनच करावी. जंगल लावलेल्या चौकोनातून १ अन्न, २ खनिजे आणि १ ऊर्जा मिळते. खनिजांची चणचण असलेल्या या गटाला तळाभोवती दोन-तीन चौकोन जंगल लवकर मिळाले, तर इंडस्ट्रीतला तोटा बराचसा भरून निघतो.

एक अपवाद मी आवर्जून करतो. पहिल्या तळावर एक रोव्हर, म्हणजे वेगवान गाडीची तुकडी, बनवून तो टेहळणीला पाठवावा. आजूबाजूला पडलेले युनिटी यानाचे सामानाचे पॉड तो पायदळाच्या दुप्पट वेगाने गोळा करतो आणि शेजारी कोण आहे हेही लवकर समजते. वाटेत मोनोलिथ, म्हणजे ग्रहावरचा प्राचीन स्तंभ, लागला तर रोव्हर त्यावर नेऊन उभा करावा, कारण तेथे तुकडीची दुरुस्ती होते आणि मनोधैर्य एकदाच, एका पायरीने, वाढते.

माइंड वर्म, म्हणजे मनावर हल्ला करणारे ग्रहावरचे स्थानिक जीव, दिसल्यावर नवे खेळाडू तळात लपतात. स्पार्टनांनी तसे करण्याचे कारण नाही. या जीवांशी होणारी लढाई मानसिक स्वरूपाची मानली जाते. तीत शस्त्राची आणि चिलखताची ताकद मोजली जात नाही, मनोधैर्य मात्र मोजले जाते. शिवाय जमिनीवर आधी हल्ला करणाऱ्याला तीनास दोन असा लाभ असतो. म्हणून वर्म शेजारच्या चौकोनात आला आणि तुमची तुकडी धडधाकट असेल, तर त्याची वाट पाहू नका, तुम्हीच हल्ला करा.

४. संशोधनाचा क्रम

‘सेंटॉरी इकॉलॉजी’नंतर माझा क्रम असा असतो. ‘इन्फर्मेशन नेटवर्क्स’ आणि त्यावरून ‘प्लॅनेटरी नेटवर्क्स’, कारण त्याने नियोजित अर्थव्यवस्था आणि प्रोब टीम (हेरांची तुकडी) या दोन्ही गोष्टी हाती येतात. मग ‘अप्लाइड फिजिक्स’. ते आणि ‘इन्फर्मेशन नेटवर्क्स’ मिळून ‘नॉनलिनिअर मॅथेमॅटिक्स’ खुले होते, ज्यात पार्टिकल इम्पॅक्टर हे ४ ताकदीचे शस्त्र आहे. त्याच्या बरोबरीने ‘इंडस्ट्रियल बेस’ घ्यावा, त्यातून २ ताकदीचे सिंथमेटल चिलखत मिळते. ‘सोशल सायक’ आणि ‘डॉक्ट्रिन : लॉयल्टी’ त्यानंतर.

लेझरची ताकद २ आणि इम्पॅक्टरची ४. मधला टप्पा इतका उंच असल्यामुळे लेझरच्या भरवशावर मोहीम काढू नये. प्रोटोटाइपचा भुर्दंड इतरांना जमिनीवर पन्नास टक्के पडतो, तुम्हाला पडत नाही. त्यामुळे इम्पॅक्टरचा शोध लागला त्याच टर्नला तुम्ही तो वापरात आणू शकता आणि शेजारी अजून जुन्याच चिलखतात असतो. शोध लागल्यापासून शेजाऱ्याला उत्तर सापडेपर्यंतचा हा काळ म्हणजे तुमची खरी संधी होय.

५. सोशल इंजिनिअरिंग : येथे डाव बिघडतो किंवा सावरतो

नव्या स्पार्टन खेळाडूंच्या सर्वाधिक चुका या पडद्यावर होतात असे मी पाहिले आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

पहिला बदल नियोजित अर्थव्यवस्थेचा, म्हणजे ‘प्लॅन्ड’चा करावा. तिने वाढीत २ आणि इंडस्ट्रीत १ गुण मिळतो, म्हणजे तुमची उणीव अगदी शून्यावर येते आणि कॉलनी पॉड पुन्हा ३० खनिजांत मिळू लागतो. तिची किंमत कार्यक्षमतेत उणे २ अशी असते, म्हणजे मुख्यालयापासून दूरच्या तळांची ऊर्जा अधिक वाया जाते. तळ फार पसरलेले नसतील तर हा सौदा फायद्याचा आहे.

‘पोलिस स्टेट’ने पोलिस आणि सपोर्ट (तुकड्या पोसण्याची क्षमता) या दोन्हींत २-२ गुण मिळतात. तुमचा मुळातला १ मिळवून पोलिस ३ होतो. तेव्हा एका तळावर तीन तुकड्या बंदोबस्त ठेवू शकतात आणि त्यांचा प्रभाव दुप्पट होतो. जो तळ ड्रोनांच्या, म्हणजे असंतुष्ट नागरिकांच्या, दंगलीत बुडाला असता, तो तीन साध्या तुकड्यांनी शांत राहतो. सपोर्टमुळे प्रत्येक तळाला दोनऐवजी चार तुकड्या फुकट पोसता येतात.

सापळा असा की पोलिस स्टेटचीही कार्यक्षमता उणे २ आहे. ‘प्लॅन्ड’ आणि ‘पोलिस स्टेट’ एकत्र निवडले की ती उणे ४ वर, म्हणजे तक्त्याच्या तळाशी जाते आणि दूरच्या तळांतून ऊर्जा जवळजवळ येईनाशी होते. चेअरमन यांगच्या ह्यूमन हाइव्हला ही जोडी शोभते, कारण अकार्यक्षमतेचा दंड त्या गटाला लागत नाही. त्यांचे पाहून ही जोडी उचलू नका. वाढीच्या काळात ‘प्लॅन्ड’ आणि युद्धाच्या तोंडावर ते सोडून ‘पोलिस स्टेट’, असा बदल करावा. प्रत्येक बदलाला ऊर्जा क्रेडिट मोजावे लागतात, तेव्हा तेवढी शिल्लक आधीच बाजूला काढून ठेवावी.

‘फ्री मार्केट’चे उत्पन्न मोहक दिसते, पण त्यात पोलिस उणे ५ होतो. तुमचा मुळातला १ मिळवून तो उणे ४ राहतो आणि मग आपल्या हद्दीबाहेर असलेल्या प्रत्येक लढाऊ तुकडीमागे एक जादा ड्रोन निर्माण होतो. ज्या गटाचे सैन्य सीमेपलीकडे असणार हे ठरलेलेच आहे, त्याच्यासाठी ही निवड घातक आहे.

‘पॉवर’ हे मूल्य सँटियागोचे आवडते असून त्याने मोराल आणि सपोर्टमध्ये २-२ गुण वाढतात. मोराल ४ झाला की नवी तुकडी तीन पायऱ्या वर निघते आणि कमांड सेंटर असलेल्या तळावर ती थेट एलिट बनते. एलिट तुकडीला प्रत्येक टर्नला एक जादा हालचाल मिळते, हे रोव्हरच्या बाबतीत फार मोठे बळ आहे. मात्र ‘पॉवर’मुळे इंडस्ट्री आणखी २ ने उतरून उणे ३ होते आणि ३० खनिजांची वस्तू ३९ ला पडते. म्हणून ‘पॉवर’ कायमचे धरून ठेवू नये. मोहीम ठरली, खनिजे आणि ऊर्जा साठली, की ते घ्यावे आणि तह झाला की सोडावे.

६. तुकड्यांची रचना

डिझाइन वर्कशॉप उघडल्यावर सर्वांत जड शस्त्र आणि सर्वांत जाड चिलखत एकाच तुकडीवर चढवण्याचा मोह होतो. प्रोटोटाइप फुकट असला तरी तुकडीची मूळ किंमत फुकट नसते, आणि शस्त्र व चिलखत दोन्ही भारी असले तर ती किंमत झपाट्याने वाढते. त्यापेक्षा कामे वाटून द्यावीत : ४ ताकदीचे शस्त्र आणि १ चे साधे चिलखत असलेला रोव्हर हल्ल्यासाठी, १ चे शस्त्र आणि २ चे चिलखत असलेले पायदळ त्याच्या रक्षणासाठी. उघड्या सपाट जमिनीवर हल्ला करताना रोव्हरला पंचवीस टक्के लाभ मिळतो, तर तळावर हल्ला करताना तोच लाभ पायदळाला मिळतो. म्हणून मोहिमेत इम्पॅक्टरधारी पायदळाच्या एक-दोन तुकड्याही असाव्यात.

कमांड सेंटर सगळ्या तळांवर बांधू नका. प्रत्येकाला देखभालीची ऊर्जा लागते. ज्या एक-दोन तळांची खनिजे सर्वाधिक आहेत तेथेच ते बांधावे आणि सगळे हल्लेखोर तेथूनच काढावेत. बाकीच्या तळांनी फॉर्मर, बंदोबस्ताचे पायदळ आणि इमारती सांभाळाव्यात. ‘डॉक्ट्रिन : लॉयल्टी’ने खुला होणारा ‘कमांड नेक्सस’ हा सीक्रेट प्रोजेक्ट, म्हणजे एकाच गटाला बांधता येणारा खास प्रकल्प, पूर्ण करता आला तर प्रश्नच मिटतो, कारण मग प्रत्येक तळावर कमांड सेंटर असल्यासारखे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. फुकट पोसल्या जाणाऱ्या तुकड्यांच्या हिशेबात फॉर्मरही धरले जातात. दोन फॉर्मर असलेल्या तळाने तिसरी तुकडी काढली की दर टर्नला एक खनिज तिच्यावर खर्च होऊ लागते. वहीत हा हिशेब ठेवण्याचे कारण तेच.

७. पहिली मोहीम

शेजारी निवडताना त्याचा स्वभाव पाहावा. हाइव्हच्या प्रत्येक तळावर पेरिमीटर डिफेन्स (तटबंदी) आपोआप असतो, म्हणून तो पहिला प्रतिस्पर्धी म्हणून टाळावा. सिस्टर मिरियमच्या बिलिव्हर्सना हल्ल्यात पंचवीस टक्के लाभ असतो, तेव्हा त्यांच्याशी लढायचे तर पुढाकार तुमचा हवा. लेडी डिअर्ड्राच्या गायन्सचे मनोधैर्य मुळातच एक गुण उणे असते आणि व्यापारी गटाचा नेता मॉर्गन याला सैन्य पोसणे जड जाते. हे दोघे जवळ असतील तर तेथून सुरुवात करावी.

करार असताना अचानक हल्ला करू नये. तुमची विश्वासार्हता घसरते आणि पुढे उरलेले नेते तहाला तयार होत नाहीत. बोलणी करून आधी करार मोडावा, मग वैर जाहीर करावे. प्रत्येक नेत्याला एक नावडती निवड असते हेही ध्यानात ठेवावे : पोलिस स्टेट पाहून कमिशनर प्रवीण लाल नाराज होतात, तर नियोजित अर्थव्यवस्था पाहून मॉर्गन.

आता एक प्रत्यक्ष लढाई पाहू. तुमचा व्हेटरन इम्पॅक्टर रोव्हर शत्रूच्या तळाशेजारी उभा आहे. ४ ची ताकद आणि व्हेटरनचे पंचवीस टक्के मिळून त्याचे बळ ५ होते. आत २ चे सिंथमेटल चिलखत घातलेली डिसिप्लिन्ड तुकडी आहे. तळाच्या अंगभूत पंचवीस टक्के संरक्षणाने तिचे बळ अडीच होते. पाचास अडीच ही लढत तुम्ही बहुधा जिंकता आणि रोव्हर जखमी होऊनही वाचतो. त्याच तळावर पेरिमीटर डिफेन्स असता तर संरक्षण शंभर टक्क्यांनी वाढून बचावाचे बळ ४ झाले असते आणि दर दोन-तीन लढतींत एक रोव्हर गमवावा लागला असता. ज्याला एक रोव्हर भरून काढायला इतरांपेक्षा अधिक खनिजे लागतात, त्याने असा तळ सोडून दुसरा शोधावा.

चार इम्पॅक्टर रोव्हर, एक इम्पॅक्टर पायदळ आणि दोन सिंथमेटल रक्षक एवढे जमेपर्यंत सीमा ओलांडू नये. मुक्कामाच्या चौकोनात हल्लेखोरांसोबत रक्षक ठेवलाच पाहिजे, कारण एकटी तुकडी शत्रूची प्रोब टीम फितवू शकते, एकत्र असलेल्या तुकड्यांना ती फितवू शकत नाही. हालचाल बरीचशी खर्च झालेल्या रोव्हरने हल्ला केला तर त्याचे बळ त्या प्रमाणात कमी धरले जाते. खेळ त्या वेळी सूचना देतो, ती वाचून थांबावे आणि पुढच्या टर्नला ताज्या दमाने हल्ला करावा. जखमी रोव्हर पुढे रेटू नये. तो मागे आणून बरा केला तर अनुभवाने चढलेली त्याची पायरी शाबूत राहते.

मज्जातंतूंवर परिणाम करणारी नर्व्ह गॅसची जोड पुढे उपलब्ध होते आणि हल्ला पन्नास टक्क्यांनी वाढवते. ती वापरणे अत्याचार मानला जातो, व्यापारावर निर्बंध येतात. मनोधैर्यातूनच ती ताकद मिळवू शकणाऱ्या गटाला तिची गरज नाही असे मला वाटते.

८. जिंकलेला तळ आणि थांबण्याची वेळ

तळ हाती आल्यावर त्याच टर्नला आत दोन तुकड्या ठेवाव्यात. पोलिस घटक १ असल्यामुळे दोन्ही तुकड्या बंदोबस्तात मोजल्या जातात. तरीही ड्रोन अधिक दिसले तर तळाच्या पडद्यावर काही नागरिकांना कामावरून काढून डॉक्टर करावे. दंगल सुरू झाली की उत्पादन थांबते आणि जिंकूनही हाती काही येत नाही.

दोन किंवा तीन तळ मिळाले आणि हल्लेखोरांपैकी निम्मे जखमी झाले, की शत्रूचा तहाचा निरोप स्वीकारावा आणि बदल्यात एखादा शोध मागावा. हरत असलेला नेता तो बहुधा देतो. त्याच टर्नला ‘पॉवर’ काढून टाका, ‘प्लॅन्ड’वर परत या, नव्या तळांभोवती फॉर्मर पाठवा आणि संशोधन ‘सिंथेटिक फॉसिल फ्युएल्स’कडे वळवा. त्यात ६ ताकदीचे मिसाइल लाँचर आहे, आणि ‘डॉक्ट्रिन : फ्लेक्सिबिलिटी’ सोबत घेतले की तेथून ‘डॉक्ट्रिन : एअर पॉवर’ खुले होते. विमाने हाती आली की दुसऱ्या मोहिमेची तयारी सुरू करावी. मात्र कमांड सेंटरचा लाभ फक्त जमिनीवरच्या तुकड्यांना मिळतो, तेव्हा विमाने ज्या तळावरून काढायची तेथे विमानांना तसाच लाभ देणारे एरोस्पेस कॉम्प्लेक्स आधी बांधून घ्यावे.